पाहुण्यांना विचारलेले दोन प्रश्न

दुपारच्या जेवणानंतर युवक-भवन पेंगुळलं होतं. खालच्या दालनात शाळाशाळांची टेबलं, त्यांवर पोरांनी चिकटवलेले तक्ते, आणि तक्त्यांच्या आडोशाला कुशीत डोकं घालून झोपलेली दोन-चार पोरं. वरच्या खोलीत नझीहाबाई एकट्याच गुणपत्रकं लावत बसल्या होत्या. बेरीज त्या दोनदा करत, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. विद्यार्थ्यांच्या या विज्ञान स्पर्धेच्या त्या अकरा वर्षं मुख्य परीक्षक होत्या, आणि अकरा वर्षांत त्यांच्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. स्फाक्स शहरात लोक म्हणत, मादाम नझीहांच्या सख्ख्या भाच्यानं स्पर्धेत भाग घेतला तर तो बिचारा नापासच व्हायचा. बाईंना हे ऐकून बरं वाटे. दाखवत नसत, पण वाटे.

यंदा स्पर्धा पहिल्यांदाच देशाबाहेरच्या संघांसाठी खुली झाली होती. हे सी शाकरांचं, म्हणजे शाकरसाहेबांचं, स्वप्न. सी शाकर म्हणजे आयोजक, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले शिक्षण निरीक्षक. त्यांनी वर्षभर पत्रं लिहिली आणि चार परदेशी संघ आणले. दारावर चार नवे झेंडे लागले, आत येण्याच्या वाटेवर गालिचा पडला. बक्षीस मात्र जुनंच होतं. पहिल्या येणाऱ्या संघातल्या दोघांना अख्खा जुलै महिना समुद्रविज्ञान संस्थेत राहायला मिळे, तिथली जहाजं, प्रयोगशाळा, शास्त्रज्ञांचा शेजार. जागा एकाच संघाला. आजवर ती इथल्याच पोरांना मिळत आली होती. यंदा नियमात बदल झाला: पहिला येईल त्याची जागा, मग तो कुठलाही असो.

"घरी जेवायला बोलवायचं आणि वाढताना हात आखडायचा, हे आपल्याला शोभत नाही," असं सी शाकर बैठकीत म्हणाले होते, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. बाईंनीही.

बेरीज झाली. पहिला, चेक देशातला संघ, एकोणनव्वद. दुसरा, केर्केना बेटावरच्या दोन मुली, त्र्याऐंशी. तिसरा त्यांच्या पुष्कळ खाली, एकाहत्तर.

आकडा दोन्हीकडून बरोबर येत होता. बाईंनी कागद बाजूला सारले, पुन्हा ओढले. सकाळपासून काहीतरी खुपत होतं, बुटात शिरलेल्या वाळूसारखं. कामाच्या गुणांत मुली एकानं पुढे होत्या, एकसष्ट आणि साठ. सगळा फरक पडला होता तो प्रश्नोत्तरांत. तीसपैकी पाहुण्यांना एकोणतीस, मुलींना बावीस.

त्यांनी प्रश्नांची नोंद मागवली. परीक्षक जे जे विचारतील ते ते लिहून ठेवायचं, हा नियम त्यांनीच सात वर्षांपूर्वी घातला होता. कार्यालयातली हनान दरवर्षी इमानानं लिहून काढायची, आणि दरवर्षी ते कागद कुणी न वाचता कपाटात जायचे.

चेक संघाच्या पानावर दोन ओळी होत्या. पहिली: तुम्हाला स्फाक्स कसं वाटलं? दुसरी: या यंत्राचं वजन किती? त्याखाली हनाननं कंसात लिहिलं होतं, टाळ्या.

केर्केनाच्या पानावर नऊ प्रश्न होते. त्यांतले चार बाईंचे स्वतःचे.

बाईंनी ते प्रश्न दोनदा मोजले, वरून खाली आणि खालून वर. खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

सकाळचं सगळं डोळ्यांपुढे आलं. चेक संघ आला तेव्हा तिन्ही परीक्षक उभे राहिले होते. एक मुलगा, एक मुलगी. मुलाचं नाव ओंद्रे, उंच, ताठ. मुलगी मार्केता, फ्रेंच नीट बोलणारी. त्यांचं यंत्र पाण्यात बुडी मारून कॅमेऱ्यानं मासे मोजायचं. देखणं यंत्र, पिवळंधमक. सादरीकरण संपल्यावर परीक्षक इंजिनिअर लझहर हसून म्हणाले, "एवढ्या लांबून आलात, दमला असाल. पाणी प्या आधी." औषधनिर्मिती शिकवणाऱ्या मादाम हायेत, तिसऱ्या परीक्षक, यांनी स्फाक्स कसं वाटलं ते विचारलं. मग कुणालाच काही विचारावंसं वाटेना. उंबऱ्यात आलेल्या माणसाची उलटतपासणी कोण करतं?

त्यानंतर केर्केनाच्या मुली आल्या. सिवार आणि ओमैमा, सकाळच्या सातच्या फेरीबोटीनं आलेल्या, ओमैमाला अजून बोट लागलेलीच. त्यांनी तीन उन्हाळे मडकी मोजली होती. ऑक्टोपस धरायला बेटावरचे कोळी तळाशी मडकी ठेवतात; पूर्वी मातीची ठेवत, हल्ली प्लास्टिकची. ऑक्टोपसची मादी कुठल्या मडक्यात अंडी घालते आणि कुठल्यात घालत नाही, हे या पोरी तळाला काच लावलेली बादली पाण्यावर धरून, होडीच्या कडेला पोट टेकून, रोज बघत आल्या होत्या. चाळीस मडकी मातीची, चाळीस प्लास्टिकची. एक वही, एक दोर आणि उन्हानं सोललेली दोन नाकं.

"मादाम, तुमच्या बेटाचा ऑक्टोपस पार स्पर्धेपर्यंत पोचला," लझहर बाईंच्या कानाशी म्हणाले होते. "आता त्याला गुण देणार की तिखट हरिसा लावून खाणार?"

बाई हसल्या नाहीत. त्या केर्केनाच्या. चाळीस वर्षं स्फाक्समध्ये काढली तरी बोलताना एखादा शब्द बेटाकडे झुकायचाच. म्हणून त्या मुलींशी त्या जरा जास्तच कोरड्या झाल्या. एकामागून एक चार प्रश्न विचारले, अवघड. मुलींनी चारही झेलले. आणि शेवटी, नववा प्रश्न, लझहरांनी विचारला:

"नकाशावर मडक्यांच्या जागा का नाहीत? जागाच नाही, तर हे विज्ञान कसं?"

ओमैमानं सिवारकडे बघितलं. सिवार म्हणाली, "ते सांगता येणार नाही."

"सांगता येणार नाही की ठाऊक नाही?"

"सांगता येणार नाही, सर."

लझहरांनी खांदे उडवले. हनाननं लिहिलं: उत्तर नाही.

उत्तर होतं. बाईंना ते ठाऊक होतं. बेटावर मडकी ठेवतात ती खूण न लावता. वर पाण्यावर काही तरंगत नाही. लांबच्या खजुरीचा शेंडा आणि मशिदीचा मनोरा एका रेषेत आले की तिथे थांबायचं, आणि ती रेषा घरातल्या माणसाखेरीज कुणाला कळू द्यायची नाही. बापानं मुलाला द्यायची ती वस्तू हीच. बाई लहान असताना बाया मडक्यांना दोर बांधता बांधता म्हणायच्या:

बैस माझ्या मडक्या, रेतीच्या उशाला,
नको सांगू ठाव येत्याजात्या माशाला.

सिवार आजोबांच्या जागा सभेत कशा सांगणार? लझहरांच्या कानाशी बाईंना हे एका वाक्यात सांगता आलं असतं. बाईंनी सांगितलं नव्हतं. कुणी म्हणेल, आपल्या बेटाची बाजू घेतली. त्यांनी मान खाली घालून, इतरांसारखेच गुण कापले होते.

दार उघडून सी शाकर आत आले. हातात पुदिन्याच्या चहाचे दोन पेले, अंगात नवा कोट. बाईंना ते मानानं लल्ला म्हणत.

"झालं का, लल्ला नझीहा? पाचला निकाल. राजधानीहून माणसं आलीत, त्यांना साडेसहाला परत निघायचंय."

"निकाल नाही झाला."

"बेरीज चुकली?"

"बेरीज बरोबर आहे. प्रश्न चुकलेत." बाईंनी दोन्ही पानं त्यांच्यासमोर सरकवली.

सी शाकरांनी चष्मा लावून वाचलं. वजन किती, हे वाचताना त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मग चष्मा काढून ते खिडकीपाशी गेले.

"बरं, मग? पाहुणे आहेत ते."

"स्पर्धेत आहेत."

"पहिल्याच वर्षी पोरांना परत उभं करायचं? त्यांचे शिक्षक काय म्हणतील? घरी बोलावून अपमान केला म्हणतील."

"पाहुण्यांना दोन प्रश्न आणि त्या पोरींना नऊ, त्याला काय म्हणतील?"

"अहो, आपल्या पोरी आहेत. आपल्याच. घरच्यांना थोडं कमी वाढलं तर चालतं."

"ताटातलं असतं तर चाललं असतं, सी शाकर. जुलै आहे तो त्यांचा."

चहाचा एक पेला सी शाकरांनी बाईंपुढे ठेवला, दुसरा स्वतःच्या हातातच राहिला.

"आणि तुम्हाला काय म्हणतील, त्याचा विचार केलात?" त्यांनी हळूच विचारलं. "मुख्य परीक्षक केर्केनाच्या. पुन्हा परीक्षा घेतली ती केर्केनासाठी."

"केला. म्हणून या फेरीत मी गुण देणार नाही. लझहर आणि हायेत देतील. मी फक्त प्रश्न मोजेन."

"आणि बाकीचे संघ?"

"त्यांना सरसकट तीसपैकी तीस दिले तरी वर येत नाहीत. बघितलंय मी."

"पाहुण्यांना सांगणार कोण?"

"मी."

बाई खाली उतरल्या. चेक संघाच्या टेबलावर अजून जेवणाची ताटली होती. कुसकुसवरचा सगळ्यात मोठा मासा त्यांना वाढला होता आणि तो अर्धाच संपला होता. ओंद्रे यंत्राच्या पोटातली वायर बघत होता. मार्केता कागदाचा एक गठ्ठा पिशवीत भरत होती.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"उत्तरं," मार्केता म्हणाली. "आमच्या बाईंनी साठ प्रश्न काढून दिले होते. तीन महिने पाठ करत होतो. आता काय उपयोग?"

"कुणी विचारलं नाही म्हणून?"

मुलीनं खांदे उचलले. मग थांबून म्हणाली, "मादाम, खरं सांगू? तुमची माणसं फार चांगली आहेत. पण लहान मुलाचं चित्र बघून छान छान म्हणतात ना, तसं वाटलं आम्हाला."

ओंद्रेनं वर बघितलं आणि आपल्या भाषेत काहीतरी तुटक बोलला. मार्केतानं त्याला तसंच तुटक उत्तर दिलं.

"हा म्हणतो, तक्रार कशाला करतेस, जिंकतोय आपण."

"जिंकताय असं कुणी सांगितलं?"

"सगळे येऊन हात मिळवून जातायत की सकाळपासून."

बाईंनी मग सगळं सरळ सांगितलं. प्रश्न कमी पडले ते त्यांच्या गुणांमुळे नव्हे आणि दोषामुळेही नव्हे, चूक परीक्षकांची. आता दोन्ही संघ एकाच मंचावर, दोघांना नऊ-नऊ प्रश्न, त्यांतले दोन एकमेकांनी एकमेकांना विचारायचे. नको असेल तर नाही म्हणायचा हक्क त्यांना आहे. मग मागचेच गुण राहतील.

ओंद्रेला फ्रेंच जेमतेम कळायचं, पण हे त्याला कळलं. त्यानं हाताची घडी घातली. मार्केता त्याच्याशी बराच वेळ बोलली, हळू आवाजात, एकदाही हात न हलवता. शेवटी त्यानं वायर पुन्हा आत कोंबली आणि झाकण लावलं.

"येतो म्हणतो," ती म्हणाली.

केर्केनाच्या मुली अंगणात पायरीवर बसल्या होत्या. ओमैमाच्या हातात तळलेल्या ब्रीकचा शेवटचा तुकडा होता. पुन्हा प्रश्न म्हटल्यावर तिचा चेहरा पडला.

"परत? आम्ही काय गुन्हा केलाय, मादाम?"

"तुम्ही नाही केला. चला."

साडेतीनला दालन भरलं. झोपलेली पोरंही उठून आली. सी शाकर पहिल्या रांगेत, राजधानीच्या पाहुण्यांच्या शेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. बाई बाजूला एका खुर्चीवर, हातात पेन्सिल. प्रत्येक प्रश्नाला एक रेघ.

लझहर आणि हायेत आधी चाचरले, मग रंगात आले. ओंद्रेला बॅटरीवर विचारलं तेव्हा तो असा बोलायला लागला की मार्केताला त्याचं भाषांतर करता करता धाप लागली. यंत्राचं पोट त्यानं स्वतः तीनदा बनवलं होतं, दोनदा ते तळ्यात बुडालं होतं. हे सकाळी कुणालाच कळलं नव्हतं. लझहर पुढे वाकून ऐकत होते, आणि आता त्यांच्या तोंडावर यजमानाचं हसू नव्हतं.

मग एकमेकांना विचारायची पाळी आली. सिवार उठली. वही छातीशी धरलेली.

"एकच मासा कॅमेऱ्यासमोरून दोनदा गेला तर?"

ओंद्रेनं भाषांतराची वाट पाहिली नाही. "दोन," तो म्हणाला.

सभा हसली. सिवार हसली नाही. "मग खरे किती, ते कसं काढता?"

या वेळी मार्केता बोलली. "एक सरासरी वजा करतो. ती सरासरी आम्ही काढलेली नाही. विद्यापीठातल्या सरांनी दिली, दुसऱ्याच कुठल्या समुद्रातली. इथल्या समुद्राला ती चालेल की नाही, आम्हाला माहीत नाही."

मादाम हायेतनी काहीतरी लिहिलं. मार्केतानं ते लिहिताना पाहिलं आणि तरी तिनं पुढे काही सारवासारव केली नाही.

मग तिची पाळी. ती म्हणाली, "तुम्हालाही तेच विचारते. एकच ऑक्टोपस दोनदा मोजला असेल तर?"

"अंडी राखणारी मादी मडकं सोडत नाही," सिवार म्हणाली. "खायलाही बाहेर येत नाही. पिल्लं फुटेपर्यंत तिथेच असते, आणि मग तिथेच मरते. एका मडक्यात एकच आई. दोनदा मोजली जाणार नाही."



मार्केतानं मग पुढचं विचारलं. "जागा सांगता येणार नाही म्हणालात, ते मी सकाळी ऐकलं. जागा नको. पण मातीची मडकी चांगल्या ठिकाणी ठेवली आणि प्लास्टिकची वाईट ठिकाणी, असं नाही कशावरून?"

बाईंची पेन्सिल थांबली. हाच प्रश्न सकाळी विचारायला हवा होता, आणि तो समुद्र नसलेल्या देशातल्या पोरीनं विचारला.

सिवारनं वही उघडली. "सांगते. एक मातीचं, एक प्लास्टिकचं, असं आळीपाळीनं एकाच दोराला. दोघांत दोन वाव अंतर. खोली तीन वाव, सगळीकडे. तळाशी गवत कुठे आणि रेती कुठे, ते प्रत्येक मडक्यापुढे लिहिलंय." ती लझहरांकडे वळली. "जागा आमच्या घरची आहे, सर. ती मी देऊ शकत नाही. बाकी सगळं आहे. कुणालाही आपल्या समुद्रात करून बघता येईल."

"हे सकाळी का नाही सांगितलंस, पोरी?" लझहर म्हणाले.

"सकाळी तुम्ही जागाच विचारली होती."

बाईंनी शेवटची रेघ ओढली. नऊ आणि नऊ.

पाच वाजता निकाल लागला. तीसपैकी चेक संघाला सव्वीस, केर्केनाला सत्तावीस. एकूण शहाऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी. सी शाकरांनी नावं वाचली तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त वाचून झाल्यावर त्यांनी कागदाच्या चार घड्या घातल्या. ओमैमा मटकन खाली बसली. ओंद्रेनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तो सरळ जाऊन यंत्र खोक्यात भरू लागला. मार्केता मात्र थोड्या वेळानं मुलींच्या टेबलापाशी आली आणि बादलीला काच कशानं चिकटवतात ते विचारू लागली.

बाई मागच्या दारानं निघाल्या. दारात दोन शिक्षक सिगरेट ओढत उभे होते, हरलेल्या शाळांचे. त्यांनी बाईंना पाहिलं नाही.

"मुख्य परीक्षक केर्केनाची, पहिला नंबर केर्केनाचा."

"आणि तेही पाहुण्यांना मंचावर उभं करून. वा."

"अकरा वर्षं सोवळ्यात राहिली बाई. शेवटी ओढलंच घराकडे."

बाई त्यांच्यामधून वाट काढत पुढे गेल्या. एकानं सिगरेट पाठीमागे लपवली आणि सलाम म्हटलं. त्यांनीही म्हटलं.

सी शाकर फाटकापाशी राजधानीच्या पाहुण्यांची गाडी वाटेला लावून उभे होते. कोटाची बटणं आता सुटलेली.

"पुढच्या वर्षी परीक्षक नवे घ्यावेत म्हणतो," ते म्हणाले. "राग मानू नका."

"घ्या."

"लोक बोलणार."

"बोलायला लागलेत."

सी शाकर मान हलवत राहिले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त सगळ्यांनी पोटभर जेवून, हसत घरी जायला हवं असायचं.

बाई रस्त्यावर आल्या. मागून कुणीतरी पळत येत होतं. सिवार. एका हातात वही, दुसऱ्या हातात प्रमाणपत्र, ते कुठे धरावं हे न कळल्यासारखं.

"मादाम, एक विचारू?"

"विचार."

"सकाळी मी का गप्प बसले, ते तुम्हाला ठाऊक होतं ना? तुम्ही आमच्याकडच्याच. बोलण्यावरून कळलं मला."

"ठाऊक होतं."

"मग तुम्ही का बोलला नाहीत?"

रस्त्यावरून भाजीची हातगाडी गेली. बाई ती जाईपर्यंत थांबल्या. 

"भीती वाटली, पोरी."

सिवारनं त्यांच्याकडे नीट बघितलं, बादलीच्या काचेतून तळ बघावा तसं, घाई न करता. मग म्हणाली, "बरं."

लांबून ओमैमा हाका मारत होती. फेरीबोटीला अर्धाच तास उरला होता. सिवार वळली, चार पावलं गेली, परत आली, आणि बाईंच्या गालाला गाल लावून, बेटावर मोठ्या मावशीला लावतात तसा, पळत सुटली.